खुर्चीचा हशा धरत नाहीत

पान वाचून झालं की ते चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघायचे आणि विचारायचे, "किती?"

मी कागदावरच्या उभ्या रेघा मोजून सांगायची, "चार."

"नक्की चार? ती खुर्ची मोडली तेव्हाचा तर धरला नाही?"

"धरला."

"तो खुर्चीचा हशा. पानाचा नाही. काटा."

मग मी एक रेघ काटायची. तीन हशे उरले म्हणजे पान पास. ते शर्टाच्या खिशातून रबरी शिक्का काढायचे, त्यावर तोंडाने 'हाः' करून वाफ द्यायचे आणि पानाच्या उजव्या कोपऱ्यात ठोकायचे. गोल शिक्का, मध्ये 'ओके', खाली सतरा. लहान मुलांची विनोदी पुस्तकं लिहिणारा माणूस असा असतो हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी त्यालाच वेड्यात काढलं असतं.

आधी माझं सांगते. भोसरीत माझा छोटा ऑफसेट छापखाना आहे. छापखाना म्हटलं की लोकांना उगाच काहीतरी साहित्यिक वाटतं. माझ्याकडे चलनबुकं, खोक्यांवरची लेबलं, 'येथे थुंकू नये' आणि कंपन्यांच्या सूचनापुस्तिका छापतात. रबरी शिक्केही करून मिळतात. नवरा गेल्यापासून मीच सगळं बघते. माझा स्वभाव तिखट आहे. आमच्या गल्लीत छापखान्याचा पत्ता विचारा, लोक आधी हे सांगतील आणि मग पत्ता.

काका पहिल्यांदा आले ते शिक्का करून घ्यायला. सगळे त्यांना काकाच म्हणायचे, मीही म्हणायला लागले. पासष्टीच्या आतबाहेरचा माणूस, इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि खिशात पेनाच्या जागी व्हर्नियर. व्हर्नियर म्हणजे कारखान्यात जाडी-रुंदी मोजायची ती पट्टी. चाकणच्या एका कंपनीत गाड्यांचे भाग बनायचे, तिथे ते एकतीस वर्षं फायनल इन्स्पेक्शनला होते. माल बाहेर पडायच्या आधी शेवटचा बघणारा माणूस. तिथे प्रत्येक इन्स्पेक्टरला आपला नंबर असतो, आपला शिक्का असतो, आणि रिटायर होताना तो जमा करावा लागतो.

"सतरा नंबर होतो मी," ते म्हणाले. "शिक्का दिला आणि हात मोकळा मोकळा वाटायला लागला. तसाच एक करून द्या."

"आता काय पास करणार काका? घरच्या पोळ्या?"

"गोष्टी," ते म्हणाले, आणि पिशवीतून फुलस्केपचा गठ्ठा काढून माझ्या टेबलावर ठेवला.

मला वाटलं, झालं. आणखी एक कवी. आमच्याकडे रिटायर झालेली निम्मी माणसं प्लॉटिंगमध्ये जातात आणि उरलेली कवितेत. पण पहिलं वाक्य वाचलं तर ते असं होतं: 'दुसरी ब मध्ये एक बोकड आला.' दुसरं: 'तो मागच्या बाकावर जाऊन बसला.' सगळी वाक्यं अशी आखूड.

"लांब वाक्यं येत नाहीत का तुम्हाला?" मी विचारलं. मी असं विचारते.

"येतात. पण दुसरीतल्या पोराचा दम सात शब्दांत संपतो. मी मोजलंय. म्हणून सात शब्द. कमी चालतील, एकही जास्त नाही."

पुढे सगळ्या गोष्टी त्यांनी याच मापात लिहिल्या. एकदा एका वाक्यात मी चुकून 'खूप' शब्द जादा टाइप केला. प्रूफ बघताना त्यांनी वाक्यावर बोट ठेवलं आणि खराब माल वेगळा काढावा तसा कागद दोन बोटांत धरून माझ्यापुढे सरकवला. त्या 'खूप'ची मला आठवडाभर लाज वाटत होती.

गोष्टी पोरांना आवडतात का, हे ते अंदाजावर सोडायला तयार नव्हते. गुरुवारी आमच्या भागातल्या कारखान्यांना सुट्टी, माझी मशिनंही बंद. काका दुपारी बसने कासारवाडीहून यायचे. पाचला मागची शाळा सुटली की तिथल्या भाड्याच्या खोल्यांमधली पोरं माझ्या छापखान्यात जमायची आणि कागदाच्या गठ्ठ्यांवर बसायची. मी आधी भांडले. कागद चुरगळतो म्हणाले. काका म्हणाले, "ताई, पोरं हलकी असतात." आणि वर माझ्याच हातात तक्ता दिला. पानाचा नंबर, हशे, कुठल्या वाक्याला, शेरा.

"मीच का?"

"मला वाचता वाचता मोजता येत नाही. आणि तुम्ही हसत नाही. मोजणारा हसला की मोजणी चुकते."

आता, मला हसू येत नाही असं नाही. पण धंद्याच्या जागी बाई हसली की गिऱ्हाईक लगेच भाव पाडून मागतं, म्हणून न हसायची लावून घेतलेली सवय आहे. काकांनी ती सवय कामाला लावली.

त्यांचे नियम ऐका म्हणजे तुम्हाला माणूस कळेल. कमीत कमी तीन पोरं एकदम हसली तर हशा. एकट्यादुकट्याचं नाही. गालातल्या गालात हसणं नाही. आपल्या शेजाऱ्याला चिमटा काढून हसणं नाही. पादण्याची गोष्ट आली तर हशा अर्धा धरायचा, कारण, काकांच्या शब्दांत, "तो फुकटचा असतो, त्यात लेखकाचं काही नाही." मोठ्या माणसाचा हशा तर अजिबात धरायचा नाही. "मोठी माणसं उपकार म्हणून हसतात." पानाला तीन हशे पडले तर शिक्का. दोन पडले तर पान घरी दुरुस्तीला. एक किंवा काहीच नाही, तर लाल फाइल. ती लाल फाइल पुस्तकाच्या तिप्पट जाड होती.

बोकडाची गोष्ट मात्र पहिल्याच गुरुवारी पास झाली. दुसरी ब मधला एकतीस नंबरचा मुलगा न सांगता मामाच्या गावाला जातो. गुरुजी खाली मान घालून हजेरी घेतात. एकतीस म्हटलं की मागच्या बाकावरून बोकड ओरडतो आणि गुरुजी हजर मांडतात. तीन दिवस बोकडाची हजेरी पूर्ण. चौथ्या दिवशी खरा मुलगा परत येतो, तर गुरुजी त्यालाच विचारतात, तू कोण. मी रेघा मारता मारता थकले. एका पानाला सहा. एक पोरगं गठ्ठ्यावरून खाली पडलं, त्याचा काकांनी धरू दिला नाही.

आता त्यांना हवं काय होतं ते सांगते. ते पुस्तक त्यांना दुकानात नको होतं. छापखान्याच्या मागची ती शाळा, तिथे पोहोचायला हवं होतं, कारण ते स्वतः तिथेच शिकलेले. दुसरीत असताना वर्गात त्यांना असंच कशाचं तरी हसू फुटलं. गुरुजींनी विचारलं, का हसलास? यांना कारण सांगता येईना. मधल्या सुट्टीपर्यंत बाहेर उन्हात उभं केलं.

"हातात एखादं हसायचं पुस्तक असतं ना, तर ते दाखवलं असतं," काका म्हणाले. "म्हणालो असतो, गुरुजी, याला हसलो. त्या शाळेतल्या प्रत्येक पोराच्या दप्तरात तेवढं एक कारण ठेवायचंय मला. बाकी काही नाही."

त्या शाळेचे हेडसर म्हणजे भोसरीच्या जुन्या घराण्यातले. आवाज असा की मैदानातून 'सावधान' म्हणाले तर आमच्या मशिनवरचा माणूसही ताठ व्हायचा. शाळेत अगदी शुद्ध बोलणार, तापले किंवा खूश झाले की गावचं बोलणार. काका हस्तलिखित घेऊन गेले, मी सोबत गेले. हेडसरांनी पानं चाळली.

"यात बोध कुठे आहे?"

"नाही," काका म्हणाले.

"मग मुलांनी घ्यायचं काय यातून?"

"हसू."

"ते चालायचं नाही. प्रत्येक प्रकरणाखाली बोध घाला. मग पाचशे प्रती वाटू, चांगला कार्यक्रम करू."

परत येताना मला वाटलं, आता हा माणूस मोडला. पण पुढच्या गुरुवारी बोध तयार. बोकडाच्या गोष्टीखाली लिहिलं होतं, 'बोध: हजेरी घेताना मान वर करावी.' डबा पळवण्याच्या गोष्टीखाली, 'बोध: डब्याला झाकण असावे.' हेडसरांनी नुसते बोध वाचले, गोष्ट एकही नाही, आणि म्हणाले, "वा. शिस्तीवर चांगला भर आहे." मंजूर.

मी छापायला घेतलं. नेमकं त्याच आठवड्यात चाकणच्याच दुसऱ्या एका कंपनीचं काम होतं. त्यांचा सुरक्षा सप्ताह, त्यासाठी 'सुरक्षा पुस्तिका'. तीही पाचशे, तीही अठ्ठेचाळीस पानी, आकार तोच. कागदही मी दोन्हींना एकच आणलेला. एका टेबलावर बोकडाचं कव्हर, दुसऱ्यावर हेल्मेटचं. आतल्या पानांचे गठ्ठे कुठल्या टेबलापाशी ठेवायचे ते मी टेम्पोवाल्याशी भांडता भांडता हाताने दाखवलं. पुढे काय झालं ते तुम्ही ओळखलंच असेल. मी नाही ओळखलं. पिना मारायला बसणारी मंदा, तिला मी नंतर फैलावर घेतलं तर ती म्हणाली, "आमी काय वाचून पिना मारतो व्हय?" बरोबर होतं तिचं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी काका माल तपासायला आले. मी म्हटलं, गरज नाही. ते म्हणाले, "फायनल इन्स्पेक्शनशिवाय माल जात नाही." सकाळपासून दुपारपर्यंत बसले. प्रत्येक प्रत उचलायचे, व्हर्नियरने कोपरा मोजायचे, पिना नखाने चाचपायचे, रंग उजेडात धरून बघायचे. मग मागच्या कव्हरवर शिक्का. ओके, सतरा. पाचशेपैकी दोनच बाजूला काढल्या, कटिंग सूतभर वाकडं म्हणून. मी चहा दिला तो तसाच गार झाला. मला वाटलं, काय हा माणूस, डोळ्यात तेल घालून बघतोय.

कार्यक्रम झाला तो शाळेच्या मैदानावर. काका पहिल्या रांगेत, नवा शर्ट. मी मागे. हेडसरांनी भाषण केलं, प्रती वाटल्या आणि म्हणाले, "आता मी स्वतः पहिलं पान वाचून दाखवतो." पुस्तक उघडलं.

"'आत येताना प्रत्येकाने बूट व टोपी घालावी.' छान. 'ओळखपत्र गळ्यात असावे.' हेही मी रोज सांगतो."

हे आमचं नव्हतं. हे चाकणचं होतं.

हेडसरांना काही वावगं वाटेना. ते रंगात आले. "'धावू नये. ढकलाढकली करू नये. जिथे मोठा आवाज आहे, तिथे कानात बोळे घालावेत.'"

त्यांनी हे त्यांच्या त्या आवाजात वाचलं. दुसरीच्या रांगेतल्या एका मुलीने शांतपणे दोन्ही कानांत बोटं घातली. मैदान फुटलं. मग हेडसरांनी आणखी जोरात वाचलं, "'हलत्या पट्ट्यावर बसू नये. क्रेनखाली झोपू नये,'" आणि पुढे काय वाचलं ते कुणाला ऐकूच आलं नाही. मी सवयीने बोटांवर मोजत होते. एका पानाला नऊ. काकांच्या एकाही पानाला आजवर नऊ पडले नव्हते. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते त्यांच्या हातातली प्रत पहिल्यांदाच उघडून बघत होते.

क्रेनपाशी हेडसरांच्याही लक्षात आलं. त्यांनी आम्हाला ऑफिसात बोलावलं. "पाव्हण्यांसमोर माझं हसं केलं. ह्ये काय पुस्तक हाय?"

मी म्हणाले, "चूक छापखान्याची. कव्हरं बदलली. चार दिवसांत बरोबर छापून देते."

"काही नको. झालं तेवढं पुरे. न्हाई म्हंजे न्हाई."

सगळ्या प्रती परत. बसस्टॉपवर मी त्यांच्यासोबत उभी राहिले. त्यांची एक बस गेली, दुसरी गेली, त्यांना कळलंच नाही.

चाकणहून फोन आला तो दुसऱ्या दिवशी. त्यांचा सेफ्टी ऑफिसर मराठवाड्यातला तरुण पोरगा, बोलायला अगदी नम्र.

"ताई, एक विचारायचं होतं. आमच्या हेल्मेटच्या पुस्तकात बोकड हाय."

"माहितेय," मी म्हणाले.

"सुरक्षेची शपथ झाल्यावर वाटली की आम्ही. आता साहेब चिडलेत. तुमच्याकडची खरी पुस्तकं कव्हर बदलून द्या, ही मी परत गोळा करतो."

खरी मी कव्हर बदलून पाठवली. पण परतीच्या गठ्ठ्यात पन्नाससुद्धा प्रती नव्हत्या. मी फोन केला तर म्हणतो, "माणसं देईनात ताई. बसमध्ये वाचत बसतेत. आमचा ड्रायव्हर म्हणतो, मोठ्यांदा वाचा. आता पोरांसाठी घरी नेली म्हणतेत." म्हणजे पुस्तकं आली कुठे? भोसरीतच. चाकणला जाणारी ती माणसं राहतात आमच्याच मागच्या खोल्यांमध्ये.

गुरुवारी काका आले. मी तक्ता काढला नाही, पोरांनाही दारातून घालवलं. ते गठ्ठ्यावर बसले. खिशातून शिक्का काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला.

"हा तुमच्याकडे जमा करा. चूक छापखान्याची नाही ताई."

"बाइंडिंगची म्हणजे माझीच ना."

"फायनल इन्स्पेक्शनची आहे. एकतीस वर्षं माल उघडून बघितला. एक लॉट चुकीचा जाऊ दिला नाही. आणि इथे..." त्यांनी व्हर्नियर उघडून बंद केलं. "पहिलं पुस्तक उचललं, तर त्याच्यावर माझं नाव. छापलेलं. दुसरं उचललं, त्याच्यावरही. माझ्या वडलांना वाचता येत नव्हतं. कंपनीच्या हजेरीकार्डावरचं आपलं नाव ते नुसतं आकारावरून ओळखायचे. मी पाचशे वेळा तेच केलं. कोपरे मोजायचं निमित्त होतं ताई. मी नुसतं नावच बघत बसलो."

त्या क्षणी मला तो माणूस इतका आवडला की मला रागच आला. मी शिक्का उचलला आणि त्यांच्या खिशात परत टाकला.

"जमा-बिमा काही करून घेत नाही मी. चहा घ्या. या वेळी गार करू नका." आणि हे नावाचं मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. सगळी भोसरी अजून म्हणते, छापखान्यानं घोळ घातला. म्हणू दे.

पुढचं आमच्यापैकी कुणाच्याच कर्तृत्वानं झालं नाही. मधल्या सुट्टीत हेडसरांना वर्गावर्गात पोरं हेल्मेटचं पुस्तक वाचताना दिसायला लागली. कव्हरवर लिहिलेलं, 'सुरक्षा पुस्तिका'. यांना वाटलं, आपण त्या दिवशी वाचून दाखवलं त्याचा परिणाम. प्रार्थनेनंतर त्यांनी जाहीर कौतुक केलं आणि म्हणाले, "ज्यांच्या घरी हे पुस्तक आहे त्यांनी ते रोज शाळेत आणावं." पोरांना आणखी काय हवं? काकांचं पुस्तक शाळेत आलं ते हेडसरांच्या हुकमाने.

मग एका शनिवारी एका मुलाला वर्गात हसताना पकडून त्यांच्यापुढे उभं केलं. हेडसरांनी विचारलं, का हसलास? मुलाने पुस्तक उघडून बोट ठेवलं. याला.

हे मला शाळेच्या शिपायाने सांगितलं. म्हणे, हेडसरांनी मुलाला वर्गात पाठवलं, पुस्तक ठेवून घेतलं आणि दार लावलं. दहा मिनिटांनी आतून जो आवाज आला तो ऐकून मैदानातली कबड्डी थांबली.

सोमवारी हेडसर स्वतः छापखान्यात हजर. काकाही होते. हेडसर इकडे तिकडे बघत म्हणाले, "ताई, त्यो बोकड शेवटी घावला का न्हाई? माज्या पुस्तकाची दोन पानं फाटल्यात."

"घावतो," मी म्हणाले.

"मग छापा पाचशे. बोध ऱ्हाऊ द्या, नका घालू." मग काकांकडे वळून अगदी शुद्ध बोलले, "हजेरी घेताना मान वर करावी, हा मात्र ठेवा. तो आमच्यासाठी आहे."

ते गेल्यावर मी म्हटलं, "काका, हेडसरांचा हशा पार मैदानात ऐकू आला. मांडू का?"

"मोठ्यांचा धरत नाही आपण," ते म्हणाले, आणि बराच वेळ चष्मा पुसत बसले.

खरी पुस्तकं छापून झाली तेव्हा त्यांनी प्रत्येक प्रत उघडून बघितली. मी मुद्दाम सगळी पुस्तकं पालथी ठेवली होती, नाव खाली. ते त्यांच्या लक्षात आलं, आणि लक्षात आलं नाही असं त्यांनी दाखवलं.

दुसरी ब ची तीन पुस्तकं झाली. चौथं लिहीत होते आणि दिवाळीनंतर गुरुवारी येईनासे झाले. मी कासारवाडीला घरी गेले. बिछान्यात बारीक दिसत होते, पण व्हर्नियर उशाशी.

"चौथं झालं ताई. सगळी पानं पास आहेत. शेवटचं तेवढं पोरांपुढे वाचायचं राहिलंय."

"मग बरे व्हा आणि वाचा."

"वाचतो की. आणि नाहीच जमलं तर तुम्ही वाचा. पण लाड करायचे नाहीत. तीन म्हणजे तीन."

"मी आजवर कुणाचे लाड केलेत?"

"म्हणून तर तुम्हाला सांगतोय."

त्यांना नाही जमलं. पंधरा दिवसांनी त्यांच्या सूनबाई पिशवी घेऊन आल्या. हस्तलिखित, लाल फाइल आणि सतरा नंबरचा शिक्का.

पुढच्या गुरुवारी मी पोरांना बोलावलं. गठ्ठ्यांवर बसली, एरवीपेक्षा शहाण्यासारखी. त्यांच्या खुर्चीवर बसायचं धाडस मला झालं नाही, उभ्यानेच वाचलं. रेघा मारायचं काम एका चौथीतल्या मुलीला दिलं. मला वाचता वाचता मोजता येत नाही, हे तेव्हा कळलं.

गोष्ट अशी होती. वर्ष संपतं. दुसरी ब तिसरीत जाते. पोरं दप्तरं घेऊन वरच्या मजल्यावर पळतात, धांदलीत एकाची चड्डी दाराच्या कडीत अडकते. एक हशा. गुरुजी ती सोडवायला जातात तर त्यांचंच धोतर अडकतं. दुसरा. मग वर्ग रिकामा होतो. गुरुजी एकटेच खुर्चीवर बसतात. सवयीने हजेरीचं पुस्तक उघडतात. या वेळी मान वर करून हजेरी घेतात. एक, दोन, तीन. कुणी ओ देत नाही. एकतीस म्हणतात, आणि मागच्या बाकावरून बोकड ओरडतो.

तिथे तिसरा हशा यायचा होता. मी बोकडाचा आवाजसुद्धा काढला, आयुष्यात पहिल्यांदा. पोरं गप्प. ती सगळी त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होती.

मला नाक शिंकरावं लागलं. माझं नाक मोठ्यांदा वाजतं. पोरं खो-खो हसली.

"तीन झाले मॅडम," चौथीतली मुलगी म्हणाली. "मारा शिक्का."

"तो नाकाचा हशा," मी म्हणाले. "पानाचा नाही. काट."

तिने रेघ काटली. दोन. दोन म्हणजे पान घरी दुरुस्तीला, आणि दुरुस्त करणारा माणूस तर नव्हता. पोरं माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी लाल फाइल उघडली आणि पान आत ठेवण्यासाठी उचललं. गोष्ट संपली तिथे, अगदी खाली, त्यांनी आपलं नाव लिहिलं होतं. ठसठशीत, एकेक अक्षर सारख्या उंचीचं, बहुतेक मोजूनच.

मी ते नावच बघत बसले.

मग लाल फाइल मिटली, शिक्क्यावर 'हाः' केलं आणि दोन हशांचं पान पास केलं. शिक्का जरा तिरका पडला.